विश्लेषण : मधुमेहींनी वजन कमी करण्याची कोणती शस्त्रक्रिया निवडावी? स्लीव्ह की बायपास?

वजन कमी करण्यासाठी शस्त्रक्रिया करायची, असे एकदा ठरले की पुढचा प्रश्न लगेच उभा राहतो : स्लीव्ह की बायपास? ज्याला फक्त वजन उतरवायचे आहे, त्याचे या प्रश्नाचे उत्तर थोडे इकडेतिकडे झाले तरी फारसे बिघडत नाही. दोन्ही शस्त्रक्रियांनी वजन चांगले उतरते. पण टाइप-२ मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी. इन्शुलिन सुटणार का, साखर किती वर्षे आटोक्यात राहणार, परत चढली तर कधी, हे त्या निवडीवर बऱ्याच अंशी अवलंबून असते. तरीही ही निवड अनेकदा रुग्ण करतच नाही. सर्जनचा हात जिच्यात बसलेला आहे ती, पॅकेजमध्ये बसते ती, किंवा ‘मावसभावाने केली आणि पस्तीस किलो उतरले’ ती शस्त्रक्रिया ठरून जाते.

‘सर्वांत चांगली शस्त्रक्रिया कोणती’ हा प्रश्नच मधुमेहीसाठी अपुरा आहे. त्याआधी विचारायला हवे ते हे, की आपला मधुमेह किती जुना आहे आणि आपल्या स्वादुपिंडात इन्शुलिन तयार करण्याची किती ताकद शिल्लक आहे. याचे उत्तर हातात आले की शस्त्रक्रियेची निवड बरीच सोपी होते. काही वेळा ती कमी महत्त्वाचीही ठरते.

दोन शस्त्रक्रियांत नेमका फरक काय?

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. आतड्याला हात लावला जात नाही. भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या काढून टाकलेल्या भागात तयार होत असल्याने भूकही घटते. शस्त्रक्रिया तुलनेने सुटसुटीत आहे, वेळ कमी लागतो आणि आज जगभरात सर्वाधिक केली जाणारी हीच आहे. मात्र काढलेले जठर परत जोडता येत नाही.

गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी तयार करतात आणि ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. उरलेले जठर आणि आतड्याचा पहिला भाग पोटातच राहतो, पण अन्न तिकडून जात नाही. पाचकरस नंतर दुसऱ्या जोडणीतून येऊन मिळतात. म्हणजे जोडण्या दोन. याच शस्त्रक्रियेचा एकच जोडणी असलेला प्रकार आपल्याकडे ‘मिनी बायपास’ म्हणून ओळखला जातो. ‘मिनी’ या शब्दावर जाऊ नये. त्यात आतड्याचा वगळला जाणारा भाग बहुधा अधिक लांब असतो आणि त्यामुळे पोषणाची जोखीमही अधिक असते. फ्रान्समध्ये झालेल्या ‘योमेगा’ चाचणीत (२०१९) वजन उतरण्याच्या बाबतीत मिनी बायपास नेहमीच्या बायपासइतकाच प्रभावी ठरला, पण जुलाब आणि कुपोषणाशी संबंधित त्रास त्यात जास्त दिसले.

जठराला पट्टी बांधण्याची शस्त्रक्रिया एके काळी लोकप्रिय होती, आता ती जवळपास मागे पडली आहे. आतड्याचा फार मोठा भाग वगळणारे प्रकार साखरेवर सर्वांत जोरकस काम करतात, पण कुपोषणाचा धोकाही त्यांत सर्वाधिक. त्यामुळे बहुतेक रुग्णांपुढे खरी निवड स्लीव्ह आणि बायपास यांचीच असते.

वजन उतरण्याआधीच साखर कशी उतरते?

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनाचे सर्जन वॉल्टर पोरीस यांनी १९९५ मध्ये आपल्या बायपास रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हा अनेकांना धक्का बसला होता. कारण वजन घटण्याची वाट न पाहता, शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच अनेक मधुमेहींची साखर उतरू लागली होती. याचा एक भाग सरळ आहे : शस्त्रक्रियेनंतर खाणे एकदम कमी होते. दुसरा भाग संप्रेरकांचा. अन्न लहान आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोहोचले की तिथून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक मोठ्या प्रमाणात स्रवते आणि ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला सांगते. सेमाग्लुटाइडसारखी आज गाजत असलेली इंजेक्शने याच संप्रेरकाची नक्कल करतात. स्लीव्हनंतरही हे घडते, पण बायपासनंतर अधिक ठळकपणे.

पण इथेच एक मेख आहे. संप्रेरकाने हाक कितीही मोठी मारली, तरी ओ द्यायला स्वादुपिंडात इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी शिल्लक हव्यात. वीस वर्षांच्या मधुमेहात त्या बऱ्याच झिजलेल्या असतात.

आकडे कोणाच्या बाजूने?

आधी शस्त्रक्रिया विरुद्ध औषधे. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये १५० मधुमेहींवर झालेल्या ‘स्टॅम्पीड’ चाचणीत पाच वर्षांनंतर एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६ टक्के किंवा त्याखाली असलेले रुग्ण केवळ औषधे घेणाऱ्या गटात ५ टक्के होते. बायपास गटात २९ आणि स्लीव्ह गटात २३ टक्के. म्हणजे शस्त्रक्रिया औषधांपेक्षा सरस, पण चमत्कार नव्हे. हा ६ टक्क्यांचा निकष फार कडक होता, हेही खरे.

आता दोन शस्त्रक्रियांची आपसांत तुलना. नॉर्वेतील ‘ओसेबर्ग’ चाचणीत १०९ मधुमेही होते. एका वर्षानंतर बायपास गटातील चारपैकी जवळपास तिघांचा मधुमेह शमला होता, तर स्लीव्ह गटात निम्म्याहून थोडे कमी. फिनलंडच्या ‘स्लीव्हपास’ चाचणीत दहा वर्षांनंतर मधुमेह शमलेलेच राहण्याचे प्रमाण स्लीव्हमध्ये २६ आणि बायपासमध्ये ३३ टक्के होते, मात्र हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही. अमेरिकेतील ९,७१० मधुमेहींच्या नोंदींचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाच वर्षांच्या आत कधी ना कधी मधुमेह शमल्याचे प्रमाण दोन्हींत जवळपास सारखे होते, ८६ आणि ८४ टक्के. फरक दिसला तो तो परतण्यात : बायपासनंतर ३३ टक्के, स्लीव्हनंतर ४२ टक्के.

थोडक्यात, साखरेच्या मापाने बायपास पुढे आहे. किती पुढे, हे मात्र चाचणीगणिक बदलते. कारण प्रत्येक चाचणीतल्या रुग्णांचा मधुमेह सारखा नव्हता.

मग सर्वांनीच बायपास करावा का?

नाही. २०१७ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी अमेरिका आणि बार्सिलोना येथील एकूण ९०० रुग्णांच्या दीर्घकालीन नोंदींवरून एक गुणांकन मांडले. त्याला चारच गोष्टी लागतात आणि त्या बहुतेक मधुमेहींच्या फाइलमध्ये असतातच : मधुमेह किती वर्षांचा, गोळ्या किती प्रकारच्या, इन्शुलिन चालू आहे का, आणि एचबीए१सी ७ च्या खाली आहे का. त्यावरून मधुमेहाच्या सौम्य, मध्यम आणि तीव्र अशा तीन पायऱ्या पाडल्या. सौम्य पायरीवर मधुमेह दीर्घकाळ शमण्याचे प्रमाण बायपासनंतर ९२ आणि स्लीव्हनंतर ७४ टक्के. मध्यम पायरीवर ६० आणि २५ टक्के. तीव्र पायरीवर दोन्हींत १२ टक्के.

हे तीन आकडे नीट पाहावेत. बायपासची सरशी सर्वांत मोठी दिसते ती मधल्या पायरीवर. मधुमेह पाच-सात वर्षांचा आहे, दोन-तीन गोळ्या चालू आहेत, साखर अधूनमधून हाताबाहेर जाते, असा तो रुग्ण. आपल्या आजूबाजूला असे रुग्ण भरपूर आहेत. या माणसाने केवळ ‘सोपी आहे’ म्हणून स्लीव्ह निवडली, तर तो मधुमेह शमण्याची मोठी संधी सोडून देत असतो. त्याला हे कोणी समजावून सांगत नसेल, तर ते चूक आहे.

सौम्य पायरीवर दोन्ही दारे उघडी आहेत. बायपास पुढे असला तरी स्लीव्हनेही बहुतेकांचे काम होते आणि इतर बाबी पाहून ठरवता येते. तीव्र पायरीवर, म्हणजे जुना मधुमेह, इन्शुलिन चालू आणि तरीही साखर जास्त, तिथे मधुमेह शमण्याची आशा दोन्हींत सारखीच क्षीण. त्या संशोधकांनी अशा रुग्णांना जोखीम कमी म्हणून स्लीव्ह सुचवली. सगळ्या सर्जनना हे मान्य नाही. मधुमेह शमला नाही तरी बायपासने इन्शुलिनचे युनिट अधिक घटतात, हाही फायदाच, असे त्यांचे म्हणणे. ते खोटे नाही. पण साठीच्या, हृदय आणि मूत्रपिंड थकलेल्या रुग्णासाठी दोन जोडण्यांची शस्त्रक्रिया करताना ‘मधुमेह जाईल’ हे आमिष दाखवू नये, एवढे तरी या आकड्यांवरून म्हणता येते.

हे गुणांकन म्हणजे काही भविष्य नव्हे. त्याच्या जोडीला सी-पेप्टाइड ही रक्ततपासणी करून घ्यावी. शरीर स्वतः किती इन्शुलिन तयार करते, याचा अंदाज तिच्यावरून येतो. सी-पेप्टाइड फारच कमी असेल तर डॉक्टरांनी टाइप-१ ची शक्यताही तपासायला हवी. टाइप-१ मध्ये वजन उतरेल, पण इन्शुलिन सुटणार नाही.

साखरेखेरीज काय पाहायचे?

सर्वांत आधी ॲसिडिटी. छातीत जळजळ, आंबट पाणी घशाशी येणे हा त्रास कायमचा असेल तर स्लीव्हने तो वाढू शकतो, नसेल तर सुरू होऊ शकतो. अरुंद नळीत दाब वाढतो आणि आम्ल वर ढकलले जाते. ‘स्लीव्हपास’मध्ये दहा वर्षांनंतर एंडोस्कोपीत अन्ननलिकेचा दाह स्लीव्हच्या ३१ टक्के रुग्णांत, तर बायपासच्या ७ टक्के रुग्णांत आढळला. म्हणून शस्त्रक्रियेआधी एंडोस्कोपी टाळू नये. जळजळ वाढली म्हणून स्लीव्हचे रूपांतर पुढे बायपासमध्ये करावे लागलेले रुग्ण प्रत्येक मोठ्या केंद्रात असतात. दोनदा भूल, दोनदा खर्च.

दुसरी गोष्ट आपल्याकडे अधिक महत्त्वाची : बी-१२. शाकाहारी घरांत या जीवनसत्त्वाची कमतरता आधीच सर्रास आढळते. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्याने ते आणखी कमी होते. त्यावर बायपास झाला, तर अन्नातून बी-१२ शोषून घेण्याची उरलीसुरली सोयही बिघडते. हातापायांना मुंग्या येऊ लागल्या की ‘शुगरमुळे असेल’ म्हणून सोडून दिले जाते आणि खरे कारण बी-१२ निघते. लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांचेही तेच. स्लीव्हनंतरही गोळ्या लागतात, बायपासनंतर त्या आयुष्यभर आणि न चुकता लागतात. जो माणूस आज रक्तदाबाची गोळी आठवड्यातून चारदा विसरतो, त्याने आणि त्याच्या सर्जनने हे प्रामाणिकपणे बोलून घ्यावे.

तंबाखू, बिडी, सिगारेट सुटत नसेल तर बायपासच्या जोडणीवर व्रण होण्याचा धोका वाढतो. गुडघेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या रोज लागत असतील तरीही तेच, आणि वजनदार मधुमेहींत गुडघेदुखी काही विरळ नाही. मूतखड्याचा इतिहास असेल, मूत्रपिंड प्रत्यारोपणाची वेळ येऊ शकत असेल, तर पारडे स्लीव्हकडे झुकते. बायपासनंतर खडे वाढू शकतात आणि काही औषधांचे शोषण बदलते. बायपासनंतर गोड खाल्ल्यावर घाम, धडधड, चक्कर येणे हा त्रास काहींना होतो. काहींना जेवणानंतर दोन-तीन तासांनी साखर एकदम खाली जाण्याचाही होतो. बायपासमध्ये वगळलेल्या जठरापर्यंत साधी एंडोस्कोपी पोहोचत नाही, हेही घरात जठराच्या कर्करोगाचा इतिहास असलेल्यांनी विचारात घ्यावे.

बीएमआय २८ असताना शस्त्रक्रिया?

‘एवढा जाडा तर दिसत नाही, मग शस्त्रक्रिया कशाला?’ हा प्रश्न आपल्या घरांत हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर पुण्यातून जगाला मिळाले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. वजनकाट्याला न दिसणारी ही चरबी भारतीयांना कमी बीएमआयवर मधुमेहाकडे नेते.

म्हणूनच २०२२ मध्ये बॅरिएट्रिक सर्जनांच्या अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत मधुमेहींसाठी शस्त्रक्रियेची मर्यादा बीएमआय ३० वर आणली, आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासून शस्त्रक्रियेचा पर्याय द्यावा असे म्हटले. पुण्यातील डॉ. शशांक शहा व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये बीएमआय २२ ते ३५ दरम्यानच्या १५ भारतीय मधुमेहींवरील बायपासचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यांतल्या सर्वांची मधुमेहाची औषधे सुटली. पंधरा ही संख्या फारच लहान आणि तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता, त्यामुळे एवढ्यावरून सडपातळ मधुमेहींनी शस्त्रक्रियेकडे धावू नये. पण दिशा कळते.

विमा मात्र या दिशेला वळलेला नाही. विमा नियामकाच्या प्रमाणित अटींनुसार वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक हवा. अनियंत्रित टाइप-२ मधुमेहासारखा गंभीर आजार सोबत असेल तर ३५. शिवाय कमी त्रासदायक उपाय आधी करून फसलेले असायला हवेत. म्हणजे वैद्यकशास्त्र २७.५ म्हणते आणि विमा ३५ वर थांबतो. या साडेसात अंकांच्या फटीत सापडणारा रुग्ण नेमका तोच, ज्याचा मधुमेह अजून मधल्या पायरीवर आहे आणि ज्याला शस्त्रक्रियेचा सर्वाधिक लाभ आहे. वजन वाढेपर्यंत थांबा आणि मग या, असे सांगणारी ही अट आहे. देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याचे आयसीएमआरच्या पाहणीतून २०२३ मध्ये पुढे आले. एवढ्या मोठ्या देशाने ही मर्यादा भारतीय शरीराप्रमाणे नव्याने ठरवायला हवी. त्या थकलेल्या स्वादुपिंडाचा, डायलिसिसचा आणि पाय कापण्याचा खर्च शेवटी विमा कंपन्यांच्याच दारात येतो.

‘मधुमेह कायमचा बरा’ या जाहिरातीचे काय?

तो शब्द डॉक्टर वापरत नाहीत, जाहिराती वापरतात. डॉक्टरांचा शब्द ‘रेमिशन’, म्हणजे मधुमेह शमणे. २०२१ मध्ये ठरलेली व्याख्या अशी, की औषधे बंद करून किमान तीन महिने एचबीए१सी ६.५ च्या खाली राहिले पाहिजे. शमलेला मधुमेह परतू शकतो. स्वीडनमधील दीर्घ अभ्यासात तो शमलेल्यांचे प्रमाण दोन वर्षांनी ७२ टक्के होते, पंधरा वर्षांनी ३० टक्के. मात्र याच अभ्यासात डोळे, मूत्रपिंड आणि नसांच्या गुंतागुंतींचे प्रमाण शस्त्रक्रिया न केलेल्यांच्या तुलनेत निम्म्यावर आले. म्हणून दहा वर्षांनी एखादी गोळी परत सुरू झाली, तर शस्त्रक्रिया वाया गेली असे मानायचे कारण नाही.

नवी इंजेक्शने आली असताना शस्त्रक्रिया कशाला, असेही आता विचारले जाते. टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आले आणि अनेक मधुमेहींसाठी आधी ते करून पाहणे शहाणपणाचे आहे. पण इंजेक्शन थांबवले की वजन बहुधा परत येते, आणि महिन्याचा खर्च वर्षानुवर्षे पेलणे सर्वांना जमत नाही. दोन्हींचा हिशेब मांडूनच ठरवावे.

सही करण्याआधी काय विचारावे?

ज्या सर्जनकडे जाल, त्यांना विचारा की ते वर्षाला किती स्लीव्ह आणि किती बायपास करतात. दोन्हींतली एकच शस्त्रक्रिया करणाऱ्याकडून दोन्हींची तुलना निष्पक्ष मिळेलच असे नाही. दुसरे मत घ्यावे. आपल्या मधुमेहाचे डॉक्टर या चर्चेत असलेच पाहिजेत, कारण औषधांची फेरजुळणी शस्त्रक्रियेच्या आधीच सुरू होते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात, नाहीतर साखर फार चढलेली नसतानाही रक्तात घातक आम्ल साठू शकते. शस्त्रक्रियेनंतर ग्लिमेपिराइड आणि इन्शुलिन जुन्याच डोसमध्ये चालू ठेवले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. त्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत घरी ग्लुकोमीटर हवाच. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आधी करून घ्यावी, कारण साखर झपाट्याने उतरल्यावर आधीच खराब असलेला पडदा काही काळ आणखी बिघडू शकतो. मूल हवे असलेल्या स्त्रियांनी शस्त्रक्रियेनंतर किमान वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळायची असते.

आणि पॅकेजमध्ये काय काय येते, तेही लिहून घ्यावे. पहिल्या वर्षातल्या तपासण्या, आहारतज्ज्ञाच्या भेटी, बी-१२ ची इंजेक्शने त्यात धरलेली आहेत का, की ते बिल नंतर वेगळे येणार आहे?